कायद्याचे शिक्षण : पाठांतराकडून विचाराकडे

सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याची जमीन. ही समजूत हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती सर्वस्वी खोटी नाही आणि पुरती खरीही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. परंतु फेरफाराची नोंद महसुली कामापुरती असते. तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही आणि असलेली मालकी नाहीशीही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. विधी महाविद्यालयातील विद्यार्थी ही दोन्ही वाक्ये वहीत उतरवून घेतो, परीक्षेत ती शुद्ध लिहितो आणि गुणही मिळवतो. मात्र सुट्टीत गावी गेल्यावर चुलत्याने कागदांचे पुडके पुढे ठेवले, की ‘सातबारा कोणाच्या नावावर आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारून तो मोकळा होतो. वर्गात शिकलेले आणि घरी ऐकलेले, अशी दोन ज्ञाने एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदतात. त्यांची कधी गाठच पडत नाही.

मराठवाड्यातील कायद्याच्या शिक्षणाचा खरा प्रश्न येथे आहे. विद्यार्थ्यांजवळ माहिती कमी आहे, ही तक्रार आता फारशी टिकणारी नाही. अधिनियमांची पुस्तके, निकालांचे संग्रह, मार्गदर्शिका या सर्व गोष्टी आज खिशातील यंत्रावर मिळतात. उणीव आहे ती हाती आलेले विधान तपासून पाहण्याच्या सवयीची. हे कोणी सांगितले, कशाच्या आधारे सांगितले, त्यातील पाहिलेले किती आणि गृहीत धरलेले किती, हे विचारण्याची सवय व्याख्यानाने लागत नाही. ती चारचौघांत बसून, एकमेकांचे म्हणणे खोडून काढीत आणि स्वतःचे खोडून घेत लागते. म्हणूनच विधी महाविद्यालयांतील अध्यापनात गटाने शिकण्याच्या पद्धतीला हक्काची जागा मिळाली पाहिजे.

पाठांतर का टिकले?

पाठांतराची पद्धत केवळ अध्यापकांच्या आळसामुळे टिकली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला कारणे आहेत. पहिले कारण भाषेचे. खेड्यातून येणारा विद्यार्थी पदवीपर्यंत बहुधा मराठीतून शिकलेला असतो. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ साली मराठीचा स्वीकार झाला. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे काम इंग्रजीत चालते आणि ज्या निकालांवर कायदा उभा असतो ते मूळ इंग्रजीत असतात. अनोळखी भाषेतील उतारा समजून घेण्यापेक्षा तो पाठ करणे सोपे असते. दुसरे कारण परीक्षेचे. ‘व्याख्या द्या, प्रकार सांगा, टिपा लिहा’ अशा प्रश्नांना पाठ केलेले उत्तर चालते, आणि जे चालते तेच विद्यार्थी करतो. यात त्याचा दोष नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ज्या मालाला बाजारात भाव आहे तोच तो पिकवतो. तिसरे कारण वर्गाच्या आकाराचे आणि वेळेचे. पुष्कळ विद्यार्थी नोकरी, शिकवण्या किंवा शेती सांभाळून कायदा शिकतात. तासाला आलेल्यांना भराभर टिपणे सांगणे हा मग सर्वांच्याच सोयीचा मार्ग ठरतो.

ही सोय आता महाग पडू लागली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम या तिन्हींची जागा नव्या कायद्यांनी घेतली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ हे शाळकरी मुलांनाही ठाऊक होते. भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३ झाले. फसवणुकीचे ‘चारशेवीस’ तर बोलीभाषेत मुरले होते. ते ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेले. ज्यांनी केवळ आकडे पाठ केले होते त्यांची पुंजी एका दिवसात निकामी झाली. सदोष मनुष्यवध खून केव्हा ठरतो, हा भेद ज्यांनी उदाहरणे घासून समजून घेतला होता त्यांचे फारसे काही बिघडले नाही.

तयार उत्तर देणाऱ्या यंत्रांमुळे धोका आणखी वाढला आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयात दोन वकिलांनी संगणकीय कार्यक्रमाने रचून दिलेले, प्रत्यक्षात कधीही न झालेले निकाल आधार म्हणून दाखल केले. न्यायाधीशांनी त्यांना आणि त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलर दंड केला. त्या वकिलांजवळ उत्तर होते. ते उत्तर खरे आहे का, हे स्वतंत्रपणे तपासून पाहण्याची सवय अपुरी पडली.

जुनीच वाट

तपासून पाहण्याची ही शिस्त परकी नाही. मीमांसकांनी वाक्याचा अर्थ लावताना अधिकरणाची पद्धत घालून दिली. आधी विषय मांडायचा, मग संशय सांगायचा, मग पूर्वपक्ष त्याच्या सर्व बळानिशी उभा करायचा आणि त्यानंतरच सिद्धान्ताकडे जायचे. प्रतिपक्षाची बाजू त्याच्यापेक्षाही चांगली मांडता आल्याशिवाय ती खोडण्याचा अधिकार मिळत नसे. या शिस्तीत वाढलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयाने. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतचे. एकत्र कुटुंबाच्या वाटणीचे जे वाद आजही हिंगोलीच्या न्यायालयात येतात, त्यांतील कितीतरी मूळ कल्पना त्याच टीकेत सापडतात.

याच जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे म्हणून ओळखले जाते. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटण्याने सर्वांची पारख केली आणि नामदेव कच्चे मडके ठरले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढे औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले. नामदेवांनी हरकत घेताच विसोबांनी त्यांना व्याख्यान दिले नाही. जिथे देव नसेल तिथे हे पाय उचलून ठेव, एवढेच सांगितले. शिष्याची खात्री त्याच्याच हातून डळमळीत करणारे ते अध्यापन होते. आख्यायिकेचा भक्तिपर अर्थ निराळा असेल. शिक्षकाने घ्यावयाचा अर्थ मात्र एवढा की पारख मेळ्यात झाली आणि ज्ञान प्रश्नातून झाले.

पाश्चात्त्य देशांत ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल हे १८७० साली हार्वर्डच्या विधी शाखेचे प्रमुख झाले आणि त्यांनी व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष निकाल वाचून त्यांवर प्रश्न विचारण्याची पद्धत सुरू केली. करारविषयक निकालांचा त्यांचा संग्रह १८७१ साली निघाला. ही पद्धत जगभर पसरली. परंतु तिच्यात एक उणीव राहिली. प्रश्न विचारणारा एक अध्यापक, उत्तर देणारा एक विद्यार्थी आणि बाकीचे शंभर बघे, असे तिचे स्वरूप होते. धीट आणि भाषासंपन्न विद्यार्थी तिच्यात तयार झाले. भिडस्त विद्यार्थी आपली पाळी येऊ नये अशी प्रार्थना करीत मागच्या बाकावर बसले. जेथे इंग्रजीचा धाक आधीच आहे तेथे ही पद्धत जशीच्या तशी आणणे म्हणजे मुक्यांना अधिक मुके करणे होय.

पाहिलेले आणि मानलेले

या उणिवेवरील उपाय वैद्यकाच्या वर्गातून पुढे आला, हे लक्षणीय आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या अध्यापिका जेन अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे सुमारे बारा-बारांचे गट करून त्यांना एखादे क्ष-किरण चित्र किंवा एखादा मजकूर देण्याचा उपक्रम केला. प्रत्येकाने काय दिसले ते आधी स्वतंत्रपणे लिहायचे आणि मग सर्वांनी मिळून त्यावर चर्चा करायची. चर्चेत विद्यार्थ्यांच्या लक्षात येई की ‘मला दिसले’ म्हणून लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी दिसलेल्या नव्हत्याच. त्या अनुमानाने घातलेल्या होत्या, आणि शेजाऱ्याने त्याच चित्रातून दुसरेच अनुमान काढले होते. असे प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी निरीक्षण आणि निष्कर्ष यांतील फरक इतरांपेक्षा चांगला ओळखू लागले, असे त्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. स्वतःचे गृहीत स्वतःला दिसत नाही; ते दुसऱ्याच्या निराळ्या गृहीतावर आपटले म्हणजेच दिसते, असा त्याचा इत्यर्थ आहे.

वकिलाला या फरकाची गरज वैद्याइतकीच असते. महाराष्ट्राच्याच इतिहासात त्याचे एक दुःखद उदाहरण आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या आरोपावरून दोन पोलिसांवर खटला झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी ठरवले आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, ही पाहिलेली गोष्ट होती. त्यावरून तिने विरोध केला नाही आणि विरोध केला नाही त्या अर्थी संमती होती, हे अनुमान होते. निरीक्षण आणि अनुमान यांमधील ती फट देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावरही बुजवून टाकली गेली.

ती फट उघडी केली ती चार अध्यापकांनी. दिल्ली विद्यापीठाचे उपेन्द्र बक्षी, रघुनाथ केळकर व लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत शरण जाणे येते, परंतु शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हा भेद त्यांनी निकालाच्या भाषेतूनच दाखवून दिला. त्या पत्रानंतर देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्कारासारख्या खटल्यांत, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि पीडितेने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, हे तत्त्व पुरावा अधिनियमाच्या कलम ११४-अ मध्ये आले. आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. चार अध्यापकांनी एकत्र बसून एक निकाल नीट वाचला, याचा हा परिणाम. चिकित्सक विचार म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगायचे झाल्यास याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

शून्य, एक की तीन एकर?

प्रत्यक्ष वर्गात हे कसे करावे, याचा एक नमुना हिंगोलीच्या मातीतलाच घेता येईल. अमेरिकेतील ऑस्टिन येथे एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली शाळकरी मुलांसाठी एक पद्धत बसवली. तीत धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला जातो आणि सर्वांचे तुकडे जुळल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. कायद्याच्या वर्गाला ती चपखल लागू पडते.

एक कल्पित प्रकरण घ्यावे. कळमनुरी तालुक्यातील नऊ एकर वडिलोपार्जित जमीन. वडील २००१ साली वारले, आई त्याआधीच गेलेली. मागे दोन भाऊ आणि १९९० साली लग्न झालेली एक बहीण. २००२ साली फेरफार होऊन जमीन दोघा भावांच्या नावे लागली. बहिणीने हक्क सोडल्याचा जबाब तलाठ्याकडे आहे. २००३ साली भावांनी तोंडी वाटणी करून सातबारे वेगळे केले. आता बहीण आपला हिस्सा मागते. चौघांच्या गटात पहिल्याला खासरा पाहणी पत्रकासह जुने महसुली कागद द्यावेत, दुसऱ्याला फेरफार आणि बहिणीचा जबाब, तिसऱ्याला हिंदू उत्तराधिकार अधिनियम त्याच्या १९५६, १९९४ आणि २००५ या तिन्ही रूपांत, आणि चौथ्याला सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० रोजीचा विनीता शर्मा प्रकरणातील निकाल.

पहिला म्हणेल, जमीन आजोबांपासून आलेली दिसते. दुसरा म्हणेल, बहिणीने हक्क सोडला, प्रकरण मिटले. तिला काही नाही. तिसरा आधी १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती वाचील आणि २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना तिने वगळले होते असे सांगेल. येथेच थांबणारा विद्यार्थी बहिणीला सहदायाद मानणार नाही. परंतु वडिलांची वारस म्हणून तिला काही मिळते का, हा प्रश्न शेजाऱ्याने विचारला की हिशेब सुरू होतो. वडील आणि दोन मुलगे यांचे प्रत्येकी तीन एकर. वडिलांच्या तीन एकरांत तीन वारस. म्हणजे बहिणीला एक एकर. एवढ्यात चौथा आपला निकाल पुढे करील. ९ सप्टेंबर २००५ च्या केन्द्रीय दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद ठरली, लग्नाची तारीख निरर्थक झाली आणि त्या दिवशी वडील हयात असण्याचीही अट नाही. मग तिन्ही भावंडे समान. बहिणीला तीन एकर.

आता गटात खरी झुंज सुरू होते. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी कायद्याने अबाधित ठेवली आहे. मग २००३ च्या तोंडी वाटणीचे काय? निकाल पुन्हा वाचावा लागतो. वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली. तोंडी वाटणी अपवादानेच आणि सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच मान्य, असे तेथे आढळते. वेगळे झालेले सातबारे हा तसा भक्कम आधार होतो का? तलाठ्यापुढील जबाबाने हक्क सुटतो का, की नोंदणी अधिनियम, १९०८ हिच्या कलम १७ प्रमाणे नोंदलेला दस्त लागतो? त्या जबाबावरचा अंगठा कोणाच्या सांगण्यावरून उठला? इतक्या वर्षांनी दावा आणला, तर मुदतीचे काय? शून्य, एक की तीन एकर, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरणार आहे. हेच ज्ञान अध्यापकाने वीस मिनिटांत सांगितले असते तर ते वहीत गेले असते. चौघांनी एकमेकांकडून ते ओढून काढले म्हणून प्रत्येकाला आपल्या पहिल्या उत्तराचा फोलपणा कळला. ‘सातबारा कोणाचा?’ या प्रश्नापुढे आणखी सहा प्रश्न असतात, हे त्याला आता कोणी सांगावे लागणार नाही.

गटाचा दोष आणि त्यावरील शिस्त

गट केला की विचार आपोआप सुधारतो, असा भाबडा समज मात्र कोणी करून घेऊ नये. काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली एक हिशेब मांडला. प्रत्येकाचे मत बरोबर असण्याचा संभव शंभरात साठ असेल आणि तिघांनी स्वतंत्रपणे मत दिले, तर बहुमत बरोबर ठरण्याचा संभव सुमारे पासष्ट होतो. पाच जण असतील तर सुमारे अडुसष्ट. पण प्रत्येकाचा संभव चाळीसच असेल तर तिघांच्या बहुमताचा संभव पस्तिसावर घसरतो. म्हणजे तयारी न करता आलेल्यांचा गट एकट्या माणसापेक्षाही वाईट. शिवाय या हिशेबात ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द कळीचा आहे. एकाने बोलावे आणि इतरांनी माना डोलवाव्यात, तर पाच डोकी असूनही मत एकच राहते.

मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय न पटल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे आरोपी दोषी ठरला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. त्या काळात शहरात आणि एका साप्ताहिकात आरोपीच्या बाजूने जे वातावरण तापले होते, ते ध्यानात घेता त्या आठ मतांना आठ स्वतंत्र मते म्हणणे कठीण आहे.

यावरून वर्गासाठी तीन नियम निघतात. पहिला, चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत आणि त्याचे कारण चार ओळींत लिहून द्यावे. मराठीत लिहिले तरी चालेल. दुसरा, गटात एकावर विरोधी बाजू मांडण्याची जबाबदारी पाळीपाळीने टाकावी आणि न पटलेल्याचे भिन्नमत निष्कर्षासोबत लिहून ठेवावे. भिन्नमताची किंमत देशाने मोजून घेतली आहे. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करण्याचा नागरिकांचा हक्क नाकारला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला आणि खन्नांचे मत उचलून धरले. ते लिहिलेले नसते तर एकेचाळीस वर्षांनी उचलून धरायला काय उरले असते?

तिसरा नियम फुकट्यांविषयीचा. सार्वजनिक विहिरीचा गाळ काढताना जसे काही जण काठावर उभे राहतात, तसे गटातही घडते. श्रम एकाचे आणि गुण सर्वांचे. यावर उपाय सोपा आहे. गटाचा निष्कर्ष कोणी सांगायचा हे आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरवावे आणि निम्मे गुण वैयक्तिक लेखनाला ठेवावेत. मग हुशार विद्यार्थ्याला शेजाऱ्याला समजावून देणे भाग पडते आणि मागच्या बाकावरील मुलीला बोलण्याची संधी मागावी लागत नाही. प्रस्तुत उदाहरणात तर तीच कदाचित बहिणीची बाजू सर्वांत आधी ओळखील.

आक्षेप आणि उत्तरे

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे. या पद्धतीने कमी मजकूर उरकतो. परंतु उरकलेला मजकूर आणि शिकलेला मजकूर यांत फरक आहे. जे विद्यार्थी स्वतः वाचू शकतात ते वर्गात पुन्हा वाचून दाखवण्यात तास खर्ची घालणे हाच मोठा अपव्यय होय. वर्ग मोठे आहेत, हा दुसरा आक्षेप. साठ विद्यार्थ्यांचे चौघाचौघांचे पंधरा गट एका खोलीत बसू शकतात. बाके वळवावी लागतील एवढेच. गोंगाट होईल, पण न्यायालयाच्या आवारातही शांतता नसते. अध्यापकाचा अधिकार कमी होईल, हा तिसरा आणि न बोलला जाणारा आक्षेप. वस्तुतः या पद्धतीत अध्यापकाची तयारी वाढते. प्रकरण रचणे, कागद जमवणे, गटागटांतून फिरताना नेमका प्रश्न टाकणे आणि शेवटी सर्व धागे एकत्र आणणे, हे टिपणे सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

नियमांची आडकाठी तर मुळीच नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत तीन अभिरूप खटले, दिवाणी व फौजदारी अशा दोन खटल्यांचे न्यायालयात बसून निरीक्षण, अशिलाची मुलाखत व खटलापूर्व तयारी हे सर्व गुणांसहित सांगितलेले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ने विधी महाविद्यालयांतील साहाय्य केन्द्रांना उत्तेजन दिले आहे. दुर्दैवाने ज्या वहीत या सगळ्याच्या नोंदी व्हायच्या, तीच एकमेकांची पाहून उतरवली जाण्याचा धोका राहतो. सहकार्याचा तो सर्वांत वाईट प्रकार होय. वही उतरवणारे दोघे एकत्र काम करतात खरे. पण विचार दोघांपैकी कोणीच करीत नाही.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत हिंगोली, नांदेड, परभणी आणि लातूर हे चार जिल्हे येतात. तेथील विधी महाविद्यालयांना खर्चाशिवाय करता येण्याजोग्या गोष्टी मोजक्याच आहेत. प्रत्येक विषयाचा आठवड्यातला एक तास गटकार्यासाठी राखून ठेवावा. हैदराबाद कुळवहिवाट अधिनियम, १९५० सारखे जे कायदे मराठवाड्यालाच लागू आहेत, त्यांवरील प्रकरणे अध्यापकांनी मिळून तयार करावीत. पुण्यामुंबईच्या मार्गदर्शिकांत ती सहसा मिळणार नाहीत. आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा की ज्यातील हकीकत विद्यार्थ्याने पूर्वी कधी पाहिलेली नाही, आणि ज्याच्या उत्तरात निष्कर्षापेक्षा कारणमीमांसेला अधिक गुण आहेत. परीक्षा बदलली की अध्यापन आपोआप बदलेल. अन्यथा उत्तम हेतूचे सर्व प्रयोग एका सत्रानंतर विरून जातील.

याचा लाभ विद्यार्थ्यांपेक्षाही त्यांच्या भावी अशिलांना होणार आहे. हिंगोलीच्या न्यायालयात पिशवीत कागद घालून येणारी शेतकरीण आपल्या प्रकरणात काय महत्त्वाचे आहे ते सांगू शकत नाही. ते ओळखणे हेच वकिलाचे काम. तिच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला तर ती रिकाम्या हाताने परत जाते आणि आपल्याला कायद्यात काही नव्हतेच असे समजून गप्प बसते. तिची फसवणूक कोणी केलेली नसते, म्हणून त्याची दादही कोठे लागत नाही. त्या वकिलाने वर्गात कधीतरी तिघांच्या विरोधात बसून आपले पहिले उत्तर मागे घेतलेले असेल, तर तो दुसरा प्रश्न विचारील. नऊ एकरांच्या हिशेबात त्या दुसऱ्या प्रश्नाची किंमत तीन एकर आहे.